कवडसा खाली गेला

त्या राज्यात जमिनीवरच्या प्रत्येकाला स्वतःचं नाव होतं आणि जमिनीखालच्या सगळ्यांना मिळून एकच शब्द होता: भूमिगत. बटाटा असो, झरा असो की साधी मुळी, एकदा मातीआड गेलं की त्याचं नाव कुणी घ्यायचं नाही, असा रिवाज. शब्द मोठा भारदस्त होता. वापर मात्र विसरण्यापुरताच व्हायचा.

भुईमुगाच्या वेलीचं पिवळं फूल गळलं आणि तिथून, देठाला धरून, एक कोवळं टोक मातीकडे निघालं. ते तिचं लेकरू. वेलीनं हौसेनं त्याचं नाव ठेवलं कवडसा.

"नाव कसलं ठेवतेस बाई!" शेजारचं सूर्यफूल मान उडवून म्हणालं. "आज ना उद्या खालीच जायचाय. मग तोही भूमिगतच की."

कवडसा खाली गेला. न जाऊन सांगतो कुणाला. त्याच्या जातीला मातीतच भरायचं असतं. वेलीला हे ठाऊक होतं, तरी तिचा जीव थाऱ्यावर राहीना. एकदा, एकदाच त्याला डोळे भरून पाहायचं होतं. रोज सकाळी ती मातीवर वाकून हाक मारायची, "कवडशा, ए कवडशा!" वरची मंडळी हसायची. हसेनात का! उत्तर येत नसे, तेवढंच तिला सलायचं.

एकदा गांडूळ हवा खायला वर आलं. वेलीनं त्याला गाठलंच.

"मामा, माझा कवडसा बरा आहे ना हो?"

"अंधारात तोंडं कुठली दिसतात, ताई?" गांडूळ म्हणालं. "पण एक जण सारखा वर कान लावून असतो. हाक आली की म्हणतो, गप्प बसा रे, आई बोलावतेय. सगळे त्याला हसतात. आमच्याकडे तुम्हा सगळ्यांना एकच शब्द आहे ना, वरचे."

वेल त्या दिवशी हसली आणि पुष्कळ रडलीही.

हंगाम सरला, पानं पिवळी पडली. मग हात आले. त्यांनी वेल मुळासकट उपटली, माती झटकली आणि उन्हात उलटी करून ठेवली. शेंगा वर, पाला खाली.

"गेली बिचारी," सूर्यफूल म्हणालं. "भूमिगत झाली."

वेलीचं तोंड मातीत होतं. इतक्या दिवसांनी लेकरू उजेडात आलं, आणि तिला काहीच दिसत नव्हतं. वर कवडसा डोळे मिचकावत चहूकडे आईला शोधत होता. कुठंच दिसेना, तेव्हा तो मातीकडे वाकला आणि थेट तिच्याच सुरात त्यानं हाक मारली,

"आई, ए आई!"

दोघांमधला देठ हलला.