विरजणाची वाटी

राजे रणधवलांनी नुसती एक मोहर पुढं केली आणि परक्या मुलखात गहजब झाला!

समुद्रापलीकडच्या सुलतानाकडे ते पाहुणे होते. तिथल्या न्हाणीघरातल्या याकूबनं त्यांना अशी झकास आंघोळ घातली, की राजांनी खूश होऊन ओल्या हातानंच मोहर काढली. आपल्याकडे याला बक्षिसी म्हणतात. तिकडे काय म्हणतात, हे विचारायची तसदी राजांनी घेतली नव्हती. राजेच ते!

"मी काय भिकारी आहे?" म्हणत याकूब तडक सुलतानाकडे गेला.

सुलतान हट्टी, वर थट्टेखोर. त्यानं राजांना बोलावलं. "माझ्या माणसाचा अपमान झालाय! उद्या दुपारपर्यंत तीच मोहर त्यानं हसत घ्यायला हवी. पण बक्षीस म्हणून ती कुणी द्यायची नाही!"

"आणि नाही जमलं तर?"

"तर तुमच्या ठकूबाई इथंच राहतील. त्यांच्या हातचं ताक आम्हाला फार आवडलंय."

ठकूबाई राजांचं दूधदुभतं सांभाळायची. ताकाशिवाय राजांना जेवण जात नसे, म्हणून दोन गाईंसकट तिलाही गलबतात घातलेलं. सुलतानाचं बोलणं कानावर येताच तिनं हातातली रवी खाली ठेवली. लेकीचं पहिलं बाळंतपण महिन्यावर आलेलं, आणि आई इथं ताक घुसळत बसणार?

राजे डोकं धरून बसले. "चुकलंच माझं, ठकूबाई."

"चुकलं ते खरंच, महाराज. आता ती मोहर तेवढी इकडं द्या."

ती थेट याकूबच्या दारात गेली. "दादा, आमचं विरजण संपलंय बघा. चमचाभर द्याल का?"

"चमचाभर काय, वाटीभर न्या की!" याकूबची कळी खुलली. आज देणारा तो होता ना!

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकूबाईनं घट्ट दह्यानं भरलेली वाटी परत आणली. "रिकामी वाटी परत देऊ नये, अशी आमच्याकडची रीत आहे, दादा."

याकूबनं हसत वाटी घेतली. दही ओरपता ओरपता तळाशी चमचा खणकन वाजला. मोहर बघून तो आधी चमकला, मग खो खो हसत सुटला आणि वाटी न् ठकूबाईला घेऊन दरबारात आला.

"ही तर बक्षिसीच!" सुलतान गरजला.

"छे हो, हुजूर!" ठकूबाई म्हणाली. "विरजण याकूबदादांचं. मग त्यानं जे लागलं, तेही त्यांचंच!"

"दह्यात मोहर लागते होय?"

"काय करणार! आमच्या गाईंचं दूधच तसं!"

सुलतान इतका हसला, की त्याचा फेटा कलला. "जिंकलात! मागा काय हवं ते!"

ठकूबाईनं कानाला हात लावला. "नको बाई! इथं बक्षीस दिलं की अपमान होतो म्हणे. मला फक्त घरी जाऊ द्या. लेक बाळंत व्हायचीय."

राजे मिशीतल्या मिशीत हसले. सुलतान घसा खाकरून म्हणाला, "बरं, थोडं विरजण तरी द्याल का?"

ठकूबाईनं आपल्या पितळी वाडग्यात विरजण दिलं.

दुसऱ्या दिवशी गलबत सुटताना वाडगा परत आला, काठोकाठ दह्यानं भरलेला. ठकूबाईनं पळी घातली. तळाशी मोहराच मोहरा, आणि त्यांच्यात बाळाचे सोन्याचे वाळे!

धक्क्यावर पोट धरून हसणारा सुलतान ओरडला, "आमच्या म्हशीही काही कमी नाहीत, ठकूबाई!"