किल्लेदाराचा मोगरा

फार फार पूर्वीची गोष्ट. एक उंच गड होता, आणि त्या गडावर नुसता काळा खडक. कुदळ मारली तर ठिणगी उडायची! निवडुंग आणि बोराटी सोडून तिथे काही म्हणजे काही उगवत नसे.

तरी त्या गडाला एक बाग होती. ती होती पुस्तकात. कोणे एके काळी एक आजारी चितारी गडावर आला. लोकांनी त्याची सेवा केली, आणि बरा झाल्यावर त्याने हे भलंमोठं पुस्तक रंगवून दिलं. एका पानावर मोगऱ्याचा मांडव, एकावर डाळिंबांनी वाकलेली झाडं, कुठे पाटाच्या कडेने केळी, कुठे खुरपं घेऊन बसलेली माळीण. कुठलं झाड कधी लावावं, कधी छाटावं, तेही खाली लिहिलेलं.

पुस्तक देवळाच्या सभामंडपात उघडं असायचं. पान उलटायचं ते फक्त पौर्णिमेला, अशी गडाची रीत. तोवर महिनाभर सगळा गड त्या एका पानात रमायचा. बायका त्यावरून रांगोळ्या काढायच्या. गुलाब कधी छाटावा यावरून दोन म्हातारे तर हमरीतुमरीवर यायचे, आणि दोघांनीही जन्मात गुलाब पाहिलेला नव्हता, बरं का! पिढ्या गेल्या, पण त्या पुस्तकाचा कंटाळा कुणाला आला नाही.

पुस्तक सांभाळायची ती किल्लेदाराची म्हातारी आत्या. किल्लेदार लहानपणी तिच्याच मांडीवर बसून ती पानं बघायचा. पुढे त्याचं लग्न झालं, बायको लवकर गेली, आणि मागे राहिली एकुलती एक लेक, भानू. भानू म्हणजे त्याचा जीव की प्राण.

एका पौर्णिमेला मोगऱ्याचं पान उघडलं. भानूने चित्राला नाक लावलं आणि विचारलं, "आबा, ह्याचा वास कसा असतो हो?"

किल्लेदाराला काही सांगता येईना. त्यानेही कधी घेतला नव्हता तो वास. लेकीने मागितलं आणि आपल्याला देता आलं नाही, हे त्याच्या मनाला फार लागलं.

झालं! त्याने ठरवलं, पुस्तकातली बाग गडावर आणायचीच. गाढवांच्या पाठीवरून खालची माती वर आली. रोपं आली. लोकांनीही हौसेने घमेली उचलली, खोटं कशाला बोला! आत्या तेवढी बाजूला उभी राहून बघत होती.

"आत्या, तुला आनंद नाही झाला?" त्याने विचारलं.

"बाबा रे," ती म्हणाली, "पुस्तकातल्या बागेला पाणी लागत नाही, म्हणून ती इथं टिकली. ही तुझी बाग काय पिणार?"

"पाऊस काय कमी पडतो आपल्याकडे?" तो हसून म्हणाला.

पाऊस पडला. बाग हिरवीगार झाली. हिवाळ्यात शेवंती फुलली, भानू तिथून हलेना. पण उन्हाळा काही कुणाचा सोयरा नसतो.

गडावर पाण्याचं एकच टाकं होतं, खडकात खोदलेलं. त्याच्या भिंतीवर वाडवडिलांनी एक दगडी मासा कोरून ठेवला होता. तो मासा पाण्याबाहेर दिसू लागला, की उरलेलं पाणी फक्त पिण्यासाठी. हा दंडक कुणी कधी मोडला नव्हता.

त्या वर्षी चैत्रातच मासा उघडा पडला. आणि नेमक्या त्याच वेळी मोगऱ्याने कळ्या धरल्या.

आत्या काठी टेकत टेकत बागेत आली. "आता बागेचं पाणी बंद कर. जळाली तर जळू दे. पुस्तक आहे की आपल्याला!"

किल्लेदाराने कळ्यांकडे पाहिलं. मग भानूकडे पाहिलं. ती एकेक कळी बोटाने चाचपून बघत होती. "थोडेच दिवस, आत्या. एकदा फुलू दे. मग थेंब घालणार नाही," तो म्हणाला, आणि टाक्याची किल्ली त्याने कमरेला खोचली.

लोकांच्या घागरी अर्ध्या भरू लागल्या, मग पाव. बायका बोलल्या, म्हातारे बोलले. पण किल्लेदारापुढे कुणाचं काय चालणार? खालची नदीही वाळून गेली होती, जायचं तरी कुठे? मोगऱ्याच्या मुळाशी मात्र रोज पाणी पडत राहिलं.

आणि मोगरा फुलला. काय तो फुलला! भानूने ओंजळ भरून वास घेतला आणि आनंदाने बापाच्या गळ्यात पडली. किल्लेदाराचे डोळे भरून आले. त्याला वाटलं, आपण जिंकलो.

टाक्यात तोवर गाळ उरला होता. लोक तोच फडक्यातून गाळून प्यायले. किल्लेदाराच्या वाड्यातही तेच पाणी, दुसरं आणणार कुठून? गडावर पटकी शिरली. आधी एक म्हातारा गेला, मग एक बाळंतीण, मग घराघरांतून रडणं ऐकू येऊ लागलं. आणि एका सकाळी भानू आजारी पडली. "पाणी, आबा, पाणी" म्हणत राहिली, आणि दिवस मावळायच्या आत गेली.

उरलेले लोक गड सोडून निघाले. चांगली भांडीकुंडी टाकली, पण पुस्तक टाकलं नाही. आळीपाळीने डोक्यावर घेऊन ते खाली उतरले आणि पाणी शोधत फार दूर चालून गेल्यावर एका विहिरीशेजारी त्यांनी वस्ती केली. बाग तर कधीच करपून गेली होती.

काही महिन्यांनी किल्लेदार त्या वस्तीवर आला. हाडांचा नुसता सापळा. कुणी त्याला बोललं नाही, कुणी हाकललंही नाही. त्या दिवशी पौर्णिमा होती. आत्या म्हणाली, "बस, बाबा." आणि तिने पान उलटलं.

पानावर कमळांचं तळं होतं. "अगंबाई, काय देखणं!" बायका म्हणाल्या. घरातली माणसं गमावलेले ते लोक, त्यांच्याही तोंडावर जरा हसू आलं. किल्लेदाराने मान वर केली. तळं काठोकाठ भरलेलं होतं. त्याला ना कमळं दिसली, ना पानं. त्या रंगवलेल्या पाण्याकडे बघून तो ओक्साबोक्शी रडू लागला.

तात्पर्य: जे सुख बघून मिळतं ते बघूनच घ्यावं. हट्टाने ते दारात आणायला गेलं, तर त्याची किंमत तहानलेल्यांना मोजावी लागते, आणि मग बघण्याचं सुखही आपलं राहत नाही.