खरा आयरिश माणूस

डब्लिनच्या रंगभूमीवर हयात घालवलेल्या कॉर्मक डेव्हिटला उतारवयात पहिला सिनेमा मिळाला, तोही आयरिश माणसाच्याच भूमिकेसाठी. लंडनचा दिग्दर्शक हार्डविक मात्र त्याला वाक्यावाक्याला अडवी. "खरा आयरिश माणूस असा बोलत नाही."

सकाळभर हेच चाललं. कॉर्मक पार वैतागला, पण भूमिका हातची जाईल म्हणून तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. शेवटी म्हणाला, "साहेब, एकदा तुम्हीच करून दाखवा."

हार्डविक दारुड्यासारखा झोकांड्या खात बरळला.

कॉर्मक शांतपणे दिग्दर्शकाच्या खुर्चीत जाऊन बसला. "आता भूमिका तुम्हीच करा, दिग्दर्शन मी करतो. या खुर्चीत बसायला आयुष्यात एकदा तरी आयरिश माणूस पाहिलेला असावा, अशी अट दिसत नाही."

कॅमेरामनला हसू आवरेना. हार्डविक गोरामोरा झाला, आणि पुढचा शॉट कॉर्मकच्याच बोलीत निमूटपणे घेतला गेला.