झाकलेला गालिचा

वस्तूंची गाऱ्हाणी माणसांना ऐकू येत, त्या काळातली ही गोष्ट. चंद्राबाईंच्या बैठकीत एक डाळिंबी गालिचा होता. दर अमावस्येला बाई त्याला अंगणातल्या दोरीवर टाकून काठीने झोडपत. त्याला ते फार लागे.

एकदा तो म्हणाला, "बाई, पुरे करा आता. मी कुठे मळलोय?"

बाईंना दया आली. त्यांनी झोडपणं सोडलं आणि धूळ बसू नये म्हणून त्याच्यावर चादर अंथरली. पाहुणे आले की तेवढी चादर निघे. पाहुणे रंग वाखाणत आणि गालिचा सुखावे.

कोपऱ्यातली काठी म्हणाली, "दादा, चादरीतूनही धूळ झिरपतेय. एकदा बाहेर चल."

"जन्मभर मला मारलंस, आणि आता काळजी करतेस होय?"

त्या धुळीत कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, झाली. वरचा रंग सोडून ती खालची वीण खाऊ लागली. गालिच्याला नुसत्या गुदगुल्या होत.

लेकीच्या साखरपुड्याला बाईंनी त्याला मांडवात न्यायला उचललं, तेव्हा त्याचे दोन तुकडे हातात आले.

"काठीताई, आता मार मला," गालिचा पुटपुटला.

काठी म्हणाली, "आता कुठे मारू रे? मार सोसायला अंग लागतं."