भद्रसेन राजाचं बसकं सिंहासन

"आज याची डुगडुग थांबवतोच!" असं म्हणून भद्रसेन राजाने करवत उचलली, आणि सगळ्या दरबाराने डोळे घट्ट मिटून घेतले.

खरं तर सुताराने एक पाचर ठोकली असती तरी काम झालं असतं. पण राजाला नुकताच घरदुरुस्तीचा नाद लागला होता. राजवाड्यातल्या सुतार-गवंड्यांना त्याने घरी पाठवून दिलं होतं. स्वयंपाकघरात त्याने स्वतः फळी ठोकली, ती लोणच्याच्या बरण्यांसकट खाली आली. राणीच्या महालाचं दार त्याने नीट केलं, तेव्हापासून राणीला बाहेर यायचं असलं की दोन पहारेकरी खांदा लावून दार ढकलत.

आता पाळी सिंहासनाची होती. राजाने उजवा पाय थोडा कापला, सिंहासन उजवीकडे कललं. मग डावा कापला, ते डावीकडे कललं. मग मागचे, मग पुन्हा पुढचे! शेवटी सिंहासन डुगडुगायचं थांबलं, कारण त्याला पायच उरले नाहीत.

राजा घाम पुसत ऐटीत बसला. त्याचे गुडघे हनुवटीला टेकले. प्रधान त्र्यंबकपंत मुजऱ्याला पुढे झाले, तर राजाच्या डोळ्यांसमोर नुसतं त्यांचं पोट!

सगळ्यांनी हसू दाबून धरलं. तेवढ्यात कोणीतरी फिस्सकन हसलं.

"कोण हसलं?" राजा गरजला.

लाकडाचा भुसा झाडणारी गोजरी पुढे आली. दरबाराची झाडलोट तिच्याकडे होती. पोट भरण्यापुरता पगार होता, जीभ मात्र भारी तिखट.

"मीच, महाराज. खूप दाबून धरलं होतं, पण निसटलं!"

"महाराज," त्र्यंबकपंत घाईघाईने म्हणाले, "तिचं राहू द्या. पौर्णिमेला शेजारचे गजकेतू राजे येतायत. आधीच ते ताडमाड उंच! त्यांनी आपल्याला असं... बसलेलं पाहिलं तर? सुताराला बोलावू का?"

"खबरदार! माझ्या कामाला कोणी हात लावायचा नाही!" राजा गोरामोरा झाला होता. त्याची नजर पुन्हा गोजरीवर गेली. "हसतेस काय? तूच कर आता हे सिंहासन दरबारात सगळ्यांत उंच! त्याला लाकूड जोडायचं नाही. त्याच्याखाली काही ठेवायचं नाही. ते जागचं हलवायचं नाही. सुतार-गवंडी आत दिसता कामा नये. जमलं नाही, तर पौर्णिमेनंतर तू आणि तुझी म्हातारी आई, दोघी राज्याबाहेर!"

गोजरीच्या आईला धड चालताही येत नव्हतं, तिला घेऊन जायचं कुठे? ती खाली मान घालून फरशीकडे बघत राहिली. मग तिच्या ओठांचा कोपरा हलला.

"करते, महाराज. फक्त तोवर आपण दरबारात यायचं नाही."

"नाही येत! मला गच्चीची मोरी दुरुस्त करायचीच आहे."

हे ऐकून गच्चीखालच्या खोलीत राहणारे खजिनदार तिथल्या तिथे मटकन खाली बसले.

दुसऱ्या दिवसापासून दरबाराचं दार बंद झालं. गोजरीने आचारी, दासी आणि पहारेकरी गोळा केले. त्यांच्यातल्या एकालाही असल्या कामाची सवय नव्हती. आचारी झाऱ्याने माती उकरायला लागला, तेव्हा गोजरीने त्याच्या हातात कुदळ दिली. त्याने पहिलाच घाव घातला तो स्वतःच्या जोड्यावर! पण हळूहळू सगळ्यांचे हात वळले. आतून दणादण आवाज येत. दारापाशी त्र्यंबकपंत देवाचं नाव घेत उभे असत.

पौर्णिमा उजाडली. गोजरीने राजाला डोळे मिटायला लावले आणि पहारेकऱ्यांनी त्याला उचलून सिंहासनावर नेऊन बसवलं. गजकेतू राजा तोऱ्यात आला. दरबाराचा उंबरठा ओलांडला, आणि त्याचा पाय एकदम खाली गेला! तोल सावरायला तो कमरेत वाकला. वर बघतो तो समोर उंचावर भद्रसेन राजा!

"वा!" गजकेतू नाइलाजाने म्हणाला. "मान वर केल्याशिवाय आपलं दर्शनच होत नाही की!"

भद्रसेन खूश झाला. पाहुणे जेवायला गेल्यावर मात्र त्याने गोजरीला दरडावून विचारलं, "सिंहासनाखाली काय ठेवलंस? खरं सांग!"

"काही नाही, महाराज."

"मग लाकूड जोडलंस?"

"एक ढलपीसुद्धा नाही. सिंहासन आहे तिथेच आहे, आहे तसंच आहे."

"मग मी उंच कसा झालो?"

"आपण कुठे उंच झालात? आम्ही सगळे खाली उतरलो!"

तिने गालिच्याचा कोपरा उचलला. सिंहासनाखालचा तुकडा, त्यावर चढायच्या दोन पायऱ्या आणि दारापाशी उतरायच्या पायऱ्या तेवढ्या सोडून, भिंतीपासून भिंतीपर्यंत फरशा काढलेल्या होत्या. माती उपसून जमीन दोन हात खाली नेली होती आणि शेणाने सारवून वर गालिचे अंथरले होते. सारवण जरा ओबडधोबड होतं, मधेच आचाऱ्याच्या पंज्याचा ठसाही उमटला होता.

राजाने खाली पाहिलं, प्रधानांकडे पाहिलं, आणि तो असा खदखदून हसला की मुकुट घरंगळत पायऱ्यांवरून खाली आला.

"शाबास, गोजरे! माग, काय हवं ते माग!"

"या काढलेल्या फरशा द्या, महाराज. माझ्या आईच्या पायाखाली पावसाळ्यात नुसता चिखल असतो."

"दिल्या! सगळ्या दिल्या!" राजा उत्साहाने उठलाच. बाह्या सरसावत म्हणाला, "आणि त्या बसवायला उद्या मी स्वतः येतो!"

गोजरीने घाईघाईने हात जोडले. "महाराज, आणखी एक मागू?"

"माग की!"

"तेवढं येऊ नका!"

राजा पुन्हा हसत सुटला, आणि या वेळी दरबारात कोणीच हसू दाबून धरलं नाही. दुसऱ्या दिवशी फरशांच्या गाड्या गोजरीच्या दारात आल्या. सोबत राजाने घरून परत बोलावलेला गवंडीही होता.