व्रताची दोरी

“व्रत तुमचं, मग उपास माझ्या बहिणीला का?”

एका गावात एका दोर वळणाऱ्या भावाने हा प्रश्न घरोघरी विचारला.

त्या गावाचा नियम चांगला होता. दार, पाणवठा, होडी सगळ्यांना खुली. जात, देव, धर्म बघून कोणाला अडवायचं नाही. पाटलाने तो चावडीवर सांगितला, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुजारी तेवढा म्हणाला, “पाटील, पण एखाद्याच्या व्रताला बाधा आली तर?”

पाटलाला कोणालाच दुखवायचं नव्हतं. तो म्हणाला, “व्रत असेल त्याला सूट. दाराला हळदीची दोरी बांधा, म्हणजे समजेल.”

पहिली दोरी पुजाऱ्याच्या स्वयंपाकघराला लागली. त्यात कोणाचं काय गेलं? मग वाण्याने बांधली, वैद्याने बांधली. ज्याला जो नकोसा होता, त्याच्यासाठी त्याला व्रत आठवलं. शेवटी नावाड्याने होडीलाही दोरीचे वेढे दिले.

भावाच्या बहिणीने दुसऱ्या देवाला मानणाऱ्या माणसाशी लग्न केलं होतं. तिचे दिवस भरले, कळा सुरू झाल्या आणि मूल आडवं आलं. सुईण नदीपलीकडे राहायची. भावाने आणि मेव्हण्याने बहिणीला बाजेवर घालून काठावर आणलं.

नावाडी म्हणाला, “वाईट वाटतं रे. पण दोरी आहे ना.”

“काल तर मासे तळलेस! गल्लीभर वास होता.”

“खाण्याचं व्रत नाही माझं.”

“मग कशाचं आहे?”

“हिच्यासारखीला होडीत न घेण्याचं.”

“तू नको येऊस. मीच वल्हवतो.”

“होडीचंही व्रत आहे.”

भाऊ चावडीकडे धावला. पाटील म्हणाला, “नियम आहेच की बाबा. पण सूटही नियमातच आहे.” पुजारी म्हणाला, “पाटलांना विचार.” वैद्याने दारच उघडलं नाही.

भाऊ धापा टाकत परत आला, तेव्हा बहीण डोळे उघडे ठेवून नदीकडे बघत होती. “बाळ्या,” ती म्हणाली, “होडी तर रिकामीच आहे रे.”

तेवढंच बोलली. ती गेली, आणि पोटातलं बाळही तिच्याबरोबर गेलं.

चिता विझल्यावर भाऊ गावात शिरला आणि पहिल्या दाराची दोरी त्याने ओरबाडून काढली. मग दुसऱ्या दाराची, मग तिसऱ्या. पुजारी ओरडला, “धरा त्याला! धर्म बुडवतोय!”

“बुडाली माझी बहीण,” भाऊ म्हणाला, “तीही पाण्यात न उतरता. या, धरा मला!”

कोणी पुढे आलं नाही. भाऊ सुतकात होता, आणि व्रत असलेल्याने सुतक्याला शिवायचं नाही, हा त्यांचाच नियम. ज्या व्रताने बहिणीची वाट अडवली, त्यानेच त्यांचे हात बांधले. भावाने हात लावलेली दोरीही बाटली. ती परत कोण बांधणार? भाऊ होडीची दोरी काढायला आला, तसा नावाडी तर होडीतून उडी मारूनच पळाला.

सगळ्या दोऱ्या एकत्र करून भावाने एक लांब दोर वळला. अलीकडच्या बाभळीपासून पलीकडच्या जांभळीपर्यंत तो नदीवर ताणून बांधला, आणि होडी कडीने त्यात अडकवली. आता नावाडी नसला तरी चालेल. ज्याला जायचं असेल त्याने दोर ओढावा आणि जावं, मग तो कोणत्याही देवाचा असो.

मग त्याने मायलेकरांच्या अस्थींचं मडकं होडीत ठेवलं, दोर ओढला, आणि त्या दोघांना सुईणीच्या काठावर पोचवलं.

तात्पर्य एवढंच: व्रत करणाऱ्याने स्वतः उपाशी राहावं. दुसऱ्याला उपाशी ठेवतं ते व्रत नव्हे, वैर.