मेलेल्या बॅटऱ्यांना पाणी

एकदा एक शिष्य आपल्या वृद्ध गुरूंच्या घरी आला आणि आत न येता पायरीवरच बसून राहिला. गुरू तंत्रनिकेतनात चौतीस वर्षे वीजविद्या शिकवून निवृत्त झालेले. हा त्यांच्या शेवटच्या तुकडीतला. शहरातली नोकरी सोडून तो डोंगरातल्या गावांना वीज द्यायला गेला होता, आणि म्हणून गुरूंना त्याचा सर्वांत अधिक अभिमान होता.

ज्या गावात मोठ्या वाहिन्यांची वीज पोचत नाही, किंवा पोचली तरी पावसाळ्यात एकदा गेली की आठ-आठ दिवस परतत नाही, अशा गावाने सूर्यापासून आपली वीज आपल्याच माळावर तयार करावी, बॅटऱ्यांत साठवावी आणि आपल्याच खांबांवरून घरोघर न्यावी, असे ते काम. त्याला मायक्रोग्रिड म्हणतात. शिष्याने अशी सात गावे उजळली होती.

"सर, मी हे काम सोडतोय," तो म्हणाला.

गुरू त्याच्याजवळ पायरीवर बसले. मग त्याने हकिकत सांगितली.

घाटमाथ्यावर चाळीस घरांचे एक गाव होते. तिथला सोमा भांगरे नावाचा माणूस तरुणपणापासून दगडखाणीवर राबला. धुळीने त्याची फुप्फुसे निकामी झाली. सरकारी दवाखान्याने त्याला हवेतून प्राणवायू काढून देणारे यंत्र दिले. गावाची वीज आली आणि ते यंत्र चालू लागले. सोमा अंगणात येऊन बसू लागला. लोकांशी बोलू लागला. दोन वर्षे अशी गेली. यंदा श्रावणात डोंगरावर सलग सात दिवस दाट धुके राहिले. साठवणीची वीज चार दिवस पुरायला हवी होती; ती दोन तासही पुरली नाही. यंत्र थांबले. माणसांनी सोमाला डोलीत घालून खाली आणायला घेतले. अर्ध्या वाटेवर, भर दुपारी, त्याचा श्वास संपला.

"बॅटऱ्या कोरड्या पडल्या होत्या," शिष्य म्हणाला. "उन्हाळ्यात त्यांतलं पाणी आटलं. माझा माणूस महिन्याला जायला हवा होता. तो सोडून गेला, आणि दुसरा मला मिळाला नाही."

"गावातून कुणी कळवलं नाही?"

"सोमाच्या बायकोने फोन केला होता. वैशाखात. म्हणाली, बॅटऱ्यांच्या बंद खोलीतून सडक्या अंड्यासारखा वास येतोय. पाणी आटत आल्याचीच ती खूण. मी म्हटलं, कुणी हात लावू नका, मी बघतो. त्या आठवड्यात सातव्या गावाचं उद्घाटन होतं. नंतर ते राहूनच गेलं."

गुरूंनी त्याचे सांत्वन केले नाही. एवढेच म्हणाले, "उद्या सकाळी त्या गावाला जाऊ. बॅटरीच्या पाण्याचे कॅन बरोबर घे. चोवीस बॅटऱ्यांना पुरतील इतके."

"सर, त्या बॅटऱ्या मेल्यात. आता त्यांत पाणी घालून काही उपयोग नाही."

"ठाऊक आहे मला. घे."

दुसऱ्या दिवशी ते दोघे चढून गेले. कॅन वाहायला गावातली दोन माणसे आली. त्यांनी शिष्याला रामराम केला आणि कॅन उचलून ती पुढे चालू लागली. गावाच्या टोकाला सौरपट्ट्यांखाली बॅटऱ्यांची खोली होती. शिष्याने कुलूप काढले. आत दोन रांगांत बॅटऱ्या उभ्या होत्या. त्याने मीटर लावून एकेक तपासली आणि मान हलवली. गुरूंनी तारा सोडवायला सांगितल्या, हातमोजे चढवले, चष्मा लावला. मग पहिल्या बॅटरीचे झाकण फिरवून काढले, नरसाळे ठेवले आणि पाणी ओतू लागले.

शिष्याला वाटले, गुरूंचे वय झाले. पाच बॅटऱ्या झाल्यावर न राहवून तो म्हणाला, "सर, हे कशासाठी? लोक बघतायत. त्यांना वाटेल, वीज परत येणार."

"तर सांग त्यांना, येणार नाही म्हणून."

शिष्याने बाहेर जमलेल्या माणसांना तसे सांगितले. काही जण निघून गेले. गुरूंनी हातमोजे काढून त्याच्यापुढे धरले. "पुढच्या तू कर."

तो वाकला. झाकण काढायचे, आत बघायचे, खुणेपर्यंत पाणी भरायचे, झाकण लावायचे, ओले फडके फिरवायचे. मग पुढची. तो यंत्रांचे आराखडे काढणारा माणूस. हे काम त्याने स्वतः कधी केलेच नव्हते.

दाराशी एक बाई येऊन उभी राहिली होती. ती चांगुणा, सोमाची बायको. शिष्याने तिला ओळखले आणि त्याचा हात थांबला. ती म्हणाली, "चालू द्या."

शेवटच्या बॅटरीचे झाकण लागेपर्यंत ती तिथेच होती. मग तिने विचारले, "आता काय करायचं ऱ्हायलं?"

"काही नाही," शिष्य म्हणाला. "झालं."

"येवढंच असतं?"

"एवढंच. महिन्यातून एकदा."

"मंग आमाला का नाय शिकिवलं, दादा?"

ती रागाने बोलत नव्हती. रागावली असती तर शिष्याला सोपे गेले असते. त्याच्या मनात दहा उत्तरे आली. आत तेजाब असते, धोका असतो, नियम असतात. अखेरीस त्याने खरे होते तेच सांगितले.

"मला वाटलं, तुम्हाला जमणार नाही."

चांगुणाने त्या चोवीस झाकणांकडे पाहिले. "त्यांच्या मशीनला बी पाण्याची बाटली असती," ती म्हणाली. "वारा कोरडा नको लागाया म्हणून. दवाखान्यातल्या बाईनं येकदा दावलं मला. पाणी उकळायचं, निववायचं, खुणेपतुर भरायचं. दोन वर्सं रोज भरली मी. येक दिस चुकला नाय."

एवढे बोलून ती घराकडे गेली.

उतरताना खिंडीत आल्यावर शिष्य दगडावर बसला आणि दोन्ही हातांनी त्याने तोंड झाकून घेतले. थोड्या वेळाने त्याने विचारले, "हे दाखवायला मला आणलंत?"

"तिला तिथं बघेन असं मला वाटलं नव्हतं," गुरू म्हणाले. "तू काल म्हणालास, काम सोडतो. तुझ्या मनात कारणं होती: सात दिवसांचं धुकं, सोडून गेलेला माणूस, अंतर. तेही खरंच आहे. पण सोमा ज्याच्यावाचून गेला, ते काम केवढंसं होतं हे तुझ्या हातांना कळावं, म्हणून पाणी भरायला लावलं. पुस्तकात ते एका ओळीत येतं. आणि ऐक, दोष तुझा एकट्याचा नाही. पहिल्या दिवशी प्रत्येक तुकडीला मी सांगायचो, यंत्राजवळ अडाणी हात येऊ देऊ नका. चौतीस वर्षं सांगितलं. अडाणी कोण, हे एकदाही थांबून पाहिलं नाही."

"आता मी काय करू, सर?"

"इथं काय करायचं ते मला माहीत नाही. इथं उशीर झालाय. उरलेल्या सहा गावांत अजून झालेला नाही."

त्या गावात दिवाळीतही अंधारच होता. नव्या बॅटऱ्यांची व्यवस्था झाली नाही. कदाचित होणारही नाही. शिष्याने काम सोडले नाही, पण नवे गावही घेतले नाही. तो त्या सहा गावांत एकेका घरी जाऊन बसतो, झाकण कसे उघडायचे ते दाखवतो, आणि कुणी हसून "येवढंच व्हय?" म्हणाले की मान खाली घालतो.

आपण ज्यांच्यासाठी काही उभारतो, त्यांच्या हातांवर आपला विश्वास आहे का, हे उभारण्याआधी स्वतःला विचारावे. नंतर तोच प्रश्न दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकावा लागतो, आणि तेव्हा आपल्यापाशी उत्तर नसते.